आपली दारे आपणच वाजवून पाहावीत

५ एप्रिल १९९५ रोजी डॅन फार्मर आणि वीत्सा व्हेनेमा या दोघा संगणकतज्ज्ञांनी एक आज्ञावली इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली केली आणि अमेरिकेत एकच गहजब उडाला. तिचे नाव होते 'सेटन', म्हणजे चक्क सैतान. वास्तविक ती एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांची जुळणी होती. परंतु ती काही अजाणतेपणी झालेली नव्हती. ज्यांना या नावाचा मनस्ताप होईल त्यांच्यासाठी 'पश्चात्ताप करा' अशा अर्थाची एक छोटी सोयही आत ठेवलेली होती. ती चालवली की 'सेटन'चा 'सँटा' होई! गंमत एवढ्यावर थांबली नाही. फार्मर यांना सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतली नोकरी गमवावी लागली आणि चोरांच्या हाती गावभरच्या किल्ल्या दिल्या, अशी हाकाटी सुरू झाली.

या 'सैताना'चे काम तरी काय होते? एखाद्या संस्थेच्या जाळ्यातील प्रत्येक संगणकाचे दार वाजवायचे, कोणते उघडे आहे ते टिपायचे आणि त्या दाराची कडी निखळलेली असल्याचे आधीच ठाऊक असेल तर तसे सांगायचे. बस्स. आत शिरण्याचे काम ते करीत नव्हते. याच दोघांनी १९९३ साली एक निबंध लिहून, आपली जागा सुरक्षित करायची तर आधी ती फोडून पाहा, असे सांगितले होते. 'सेटन' हे त्या सल्ल्याचेच यंत्र.

ज्या प्रलयाचे भाकीत झाले होते तो आलाच नाही. उलट पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९६ मध्ये, फार्मर यांनी बँका, वृत्तपत्रे, सरकारी खाती अशा नामांकितांसह दोन हजारांहून अधिक ठिकाणांची बाहेरूनच पाहणी केली, तेव्हा नामांकितांपैकी साठ टक्क्यांहून अधिक ठिकाणी घुसता येईल किंवा काम बंद पाडता येईल अशी स्थिती आढळली. आपल्याकडे कोणी डोकावून गेले, हे त्यांतील फारच थोड्यांच्या लक्षात आले. ही पाहणी फार्मर यांनी कोणाचीही परवानगी न घेता केली होती, हेही येथेच नोंदवून ठेवतो; त्या मुद्द्याकडे पुढे यायचे आहे.

या घटनेला तीस वर्षे उलटून गेली. तरीही 'असली साधने आमच्या संस्थेत नकोत' असे म्हणणारे पदाधिकारी आपल्याकडे अजून भेटतात आणि 'फुकट मिळते ना, मग घालून टाका' असे म्हणणारेही भेटतात. या दोघांपैकी अधिक धोकादायक कोण, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

मामाच्या घरची झडती

गेल्या दिवाळीत माझा भाचा आमच्याकडे आला होता. पुण्यात एका कंपनीची संगणक-जाळी सांभाळणे हा त्याचा पेशा. बोलता बोलता विषय निघाला आणि त्याने आपला लॅपटॉप उघडला. पण कळ दाबण्यापूर्वी म्हणाला, "मामा, आधी तू हो म्हण. जाळे तुझे आहे." मला त्याचा हा औपचारिकपणा थोडा नाटकी वाटला. मी हो म्हटले.

त्याने चालवलेल्या आज्ञावलीचे नाव 'एनमॅप'. १९९७ च्या सप्टेंबरात गॉर्डन लायन या अमेरिकी तरुणाने ती एका भूमिगत छापाच्या संगणक-नियतकालिकात प्रसिद्ध केली, तीही 'फ्योदोर' या टोपणनावाने. दस्तयेव्हस्कीवरून घेतलेले हे नाव त्यांना आजही चिकटलेले आहे. २००३ सालच्या 'मॅट्रिक्स रिलोडेड' चित्रपटात नायिका वीजकेंद्राच्या संगणकात शिरण्यापूर्वी पडद्यावर जे चालवते, ते हेच एनमॅप. चित्रपटांत संगणकाच्या नावाखाली एरवी जो आचरटपणा दाखवतात, त्यात हा एक सन्माननीय अपवाद.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर ६५ हजारांहून अधिक क्रमांकित दारे असतात. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. संकेतस्थळे ८० आणि ४४३ क्रमांकाच्या दारातून बोलतात, टपाल २५ मधून, विंडोजच्या फायलींची देवघेव ४४५ मधून. एनमॅप एखाद्या दारावर टकटक करते. आतून 'या' असे उत्तर आले तर दार उघडे. 'येथे कोणी नाही' असे आले तर बंद. आणि काहीच उत्तर आले नाही तर मध्ये कोणी पहारेकरी उभा असण्याचा संभव. 'या' म्हटल्यावर आत न जाता तिथूनच परत फिरायचे, ही त्यातली खुबी. उत्तर देण्याच्या लकबीवरून आतील यंत्र कोणत्या जातीचे, त्यावरची आज्ञावली कोणत्या आवृत्तीची, याचाही अंदाज बांधता येतो. माणूस दिसला नाही तरी खोकल्यावरून घरातले कोण ते ओळखावे, तसे.

आमच्या घरात जाळ्याला जोडलेली पाच उपकरणे आहेत, अशी माझी समजूत होती. निघाली अकरा. दूरदर्शन संच, छपाईयंत्र, मुलीचा जुना फोन, शिवाय दोन वर्षांपूर्वी आईच्या खोलीत लावलेला कॅमेरा. ती एकटी असताना लक्ष राहावे म्हणून तो लावला होता. त्या कॅमेऱ्याचे २३ क्रमांकाचे दार सताड उघडे होते. भाच्याने कारखान्यातून आलेला मूळ परवलीचा शब्द घालून पाहिला आणि तो चालला. तो काही बोलला नाही. माझ्याकडे पाहिले फक्त.

हे २३ क्रमांकाचे दार म्हणजे 'टेलनेट'. २०१६ साली 'मिराई' नावाच्या विषारी आज्ञावलीने जगभर नेमके हेच दार वाजवत हिंडायला सुरुवात केली. तिच्याजवळ कारखान्यांनी ठरवलेल्या नावांच्या आणि परवलीच्या शब्दांच्या साठेक जोड्या होत्या. तेवढ्या भांडवलावर तिने लाखो कॅमेरे आणि राउटर आपल्या सेवेत ओढले आणि त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डिन' या कंपनीवर असा मारा केला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बडी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. त्या फौजेत कोणाकोणाच्या आईच्या खोलीतील कॅमेरे होते कोण जाणे.

चोरांना कोणी थांबवले आहे?

'सेटन'वर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे होते की, तपासण्याचे साधन सर्वांना दिले तर ते चोरालाही मिळेल. मिळतेच. परंतु चोर त्यासाठी कोणाच्या औदार्याची वाट पाहत बसत नाही. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 'झेडमॅप' ही मुक्तस्रोत आज्ञावली आणली. एक साधा संगणक आणि चांगली जोडणी असेल तर जगातील तेव्हाच्या सर्व पत्त्यांवर, म्हणजे सुमारे ३७० कोटी ठिकाणी, एकेक टकटक करायला तिला पाऊण तासही लागत नव्हता. याचा अर्थ, 'आम्ही लहान, आमच्याकडे कोण पाहतो' हे म्हणणे त्याच दिवशी मोडीत निघाले. पाहणाऱ्याला लहान-मोठे दिसतच नाही. त्याला क्रमांक दिसतो.

आणि उघडे दार वेळीच न दिसल्याची किंमत किती, याचे प्रात्यक्षिक २०१७ ने दिले. विंडोजच्या ४४५ क्रमांकाच्या दारामागील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला ठिगळ दिले होते. जवळपास दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' त्याच दोषातून शिरले आणि इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० न्यासांच्या कामकाजात त्याने व्यत्यय आणला. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. त्यानंतर आपल्या जाळ्यात असे दुबळे संगणक कोणते ते शोधून देणारी छोटी जोडआज्ञावली एनमॅपसाठी मोफत उपलब्ध झाली. तरीही २७ जूनला 'नॉटपेट्या' आले. ते युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीतून शिरले, पण पुढे पसरले ते याच फटीचा आणि चोरलेल्या परवलीच्या शब्दांचा आधार घेत. त्यात मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि तिकडे युरोपात लागलेल्या आगीने इथे न्हावा-शेवाला, जवाहरलाल नेहरू बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंटेनर जागच्या जागी राहिले.

अर्थात सगळ्याच चोऱ्या दारे मोजून टळत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, त्यातली बहुतांश एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेलाच बगल देऊन. एनमॅप चालवले असते तर ती वाचली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. अशी साधने विकणारे मात्र हे बिनदिक्कत म्हणतात.

मुक्त, फुकट आणि विश्वासाचे

तेव्हा साधन हवे, हे मान्य करू. कोणते घ्यावे, हा खरा प्रश्न. बाजारात ती इतकी आहेत की नुसती नावे वाचून डोके गरगरावे. बहुतेक ठिकाणी निवड होते ती कोणते साधन किती पानांचा अहवाल देते यावरून. वास्तविक या साधनाच्या स्वाधीन आपण काय करतो ते आधी पाहायला हवे. ते आपल्या घराचा संपूर्ण नकाशा काढते. खोलवर तपासणी करायची तर त्याला व्यवस्थापकाचे परवलीचे शब्दही द्यावे लागतात. म्हणजे ज्या रखवालदाराला तिजोरीच्या किल्ल्या द्यायच्या, त्याचीच झडती कोणी घ्यायची?

मुक्तस्रोत साधनांच्या बाजूने माझ्या मते हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. त्यांची मूळ संहिता उघडी असते. ते साधन कोणाशी बोलते, नकाशा कोठे पाठवते, हे जाणकाराला वाचून पाहता येते. पैसे वाचतात हा मुद्दा त्या मानाने दुय्यम आणि पुष्कळदा फसवाही.

फसवा का, ते 'नेसस'च्या कहाणीत दिसते. १९९८ साली रेनॉ देरेझाँ या फ्रेंच तरुणाने ही मुक्तस्रोत आज्ञावली सुरू केली. एनमॅप दारे मोजते. नेसस प्रत्येक दारामागील ज्ञात दोष शोधे. जगभर ती लोकप्रिय झाली. मात्र २००५ च्या ऑक्टोबरात देरेझाँ आणि त्यांच्या टेनेबल या कंपनीने जाहीर केले की पुढील आवृत्तीची संहिता बंद राहील. कारण स्पष्ट होते. वापरणारे अफाट होते, पण मूळ यंत्रणा सुधारायला हातभार लावणारे जवळपास कोणीच नव्हते. वर प्रतिस्पर्धी तीच संहिता उचलून आपला धंदा करीत होते. पुष्कळांनी त्यांना दूषणे दिली. मला तो दोष केवळ त्यांचा वाटत नाही. पंगतीला हजार पाने आणि वाढायला एकच माणूस, असे किती दिवस चालणार?

नेससच्या शेवटच्या मुक्त आवृत्तीतून 'ओपनव्हास' जन्माला आले. जर्मनीतील ओस्नाब्रुक येथील 'ग्रीनबोन' ही कंपनी आज ते सांभाळते. मूळ यंत्रणा मुक्त आहे, दोषांची नवी नवी यादीही रोज मिळते; परंतु मोठ्या संस्थांत वापरल्या जाणाऱ्या कित्येक उत्पादनांच्या चाचण्या फक्त पैसे भरणाऱ्यांच्या यादीत असतात. हे माहीत नसलेला व्यवस्थापक मोफत यादीवर तपासणी करतो, अहवाल हिरवागार येतो आणि तो निर्धास्त झोपतो. फ्योदोर यांनी तिसरी वाट काढली. एनमॅप सामान्य वापरासाठी मोफत आणि संहिताही सर्वांसमोर. मात्र ज्या कंपन्या ते आपल्या विक्रीच्या मालात घालतात त्यांनी परवाना विकत घ्यावा. या अटींना निखळ मुक्तस्रोत म्हणावे का, यावर पंथीयांत वाद आहेत. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे एक माणूस आणि त्याचे सहकारी ते साधन जिवंत ठेवू शकले, त्यात या अटींचा वाटा आहेच.

संहिता उघडी असली म्हणजे ती कोणी वाचतेच, असेही समजू नये. २९ मार्च २०२४ रोजी जे उघडकीस आले ते आठवावे. लिनक्स प्रणालीत फायली आवळून लहान करण्यासाठी 'एक्सझेड' नावाचा एक निरुपद्रवी संच असतो. वर्षानुवर्षे एकच स्वयंसेवक तो सांभाळत होता आणि थकला होता. 'जिया टान' असे नाव सांगणारी कोणी व्यक्ती मदतीला आली, दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे काम करीत राहिली, विश्वासास पात्र ठरली आणि मग तिने त्यात चोरवाट बसवली. ती कार्यान्वित करणारा भाग सर्वांना दिसणाऱ्या संहितेत नव्हताच. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, म्हणून ते सापडले. अर्धा सेकंद! एवढ्यासाठी खोदत बसणारा माणूस नसता तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

म्हणून साधन निवडताना मी तरी आधी माणसे पाहीन. ते कोण सांभाळते, किती जण, गेल्या वर्षभरात किती दुरुस्त्या झाल्या, दोष कळवल्यावर उत्तर किती दिवसांत येते. दुसरे, ते कोठून उतरवून घ्यायचे. २०११ च्या डिसेंबरात एका प्रसिद्ध अमेरिकी संकेतस्थळाने एनमॅपच्या गाठोड्याला परस्पर जाहिरातींचे शेपूट जोडून वाटप चालवले होते आणि फ्योदोर यांना जाहीर निषेध करावा लागला होता. मूळ ठिकाणाहूनच घ्यावे आणि सोबत दिलेली डिजिटल सही पडताळावी. हे काम पाच मिनिटांचे आहे. करणारे मात्र विरळा. आणि तिसरे, अहवाल वाचणारा कोण? जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहकारी बँकेत संगणक विभाग म्हणजे दोन माणसे असतात आणि त्यांतला एक छपाईयंत्रात अडकलेला कागद काढत असतो. तिथे डझनभर साधने आणून ठेवण्यात काय हशील? एनमॅप, ओपनव्हास आणि जाळ्यावरून जाणारी माहिती प्रत्यक्ष पाहण्यासाठी 'वायरशार्क' एवढी तीन नीट शिकली तरी त्यांचे वर्ष सार्थकी लागेल. रुग्णालयात तर आणखी जपून. तेथील जुनी उपकरणे कधी कधी नुसत्या जोरकस टकटकीनेही गोठतात. अतिदक्षता विभागात भरदिवसा असा प्रयोग करणाऱ्याला खुशाल बाहेर काढावे.

हिरकणीचे काय करायचे?

आता भाच्याच्या त्या 'आधी तू हो म्हण'कडे येतो. तो नाटकी नव्हता, हे मला कायदा वाचल्यावर कळले. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात संगणकाशी नुसता 'संपर्क साधणे' हेही प्रवेशाच्या व्याख्येत बसू शकते आणि मालकाच्या परवानगीविना असा प्रवेश केल्यास कलम ४३ नुसार भरपाई द्यावी लागू शकते. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही. फार्मर यांची १९९६ ची पाहणी आज इथे कोणी केली तर तो अडचणीत येईल. जर्मनीने २००७ साली अशा साधनांवरच कायद्याचा बडगा उगारला होता. दोन वर्षांनी तेथील घटना न्यायालयाने, चांगल्या-वाईट दोन्ही कामांसाठी चालणारी साधने त्या कलमात येत नाहीत, असा खुलासा केला तेव्हा तेथील तज्ज्ञांचा जीव भांड्यात पडला.

दार न वाजवताही टेहळणी करता येते, ती गोष्ट निराळी. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे आता जाहीर नोंदवहीत टिपली जातात. एखाद्या बँकेने 'चाचणी' नावाने एखादे अर्धवट संकेतस्थळ उभारून त्याला प्रमाणपत्र घेतले, की ते नाव जगजाहीर होते. आपल्या संस्थेच्या नावाने या वहीत काय काय नोंदले आहे, हे पाहायला एक पैसाही लागत नाही आणि कायद्याचाही अडसर नाही. तरीही चोर ते पाहतो आणि मालक पाहत नाही.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका मराठी माणसाला सांगायला नको. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती गवळण रात्री कड्यावरून उतरून गेली. कथेतल्या महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. आज एखाद्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या किंवा नगरपालिकेच्या संकेतस्थळात असा उघडा कडा दिसला आणि त्याने पत्र लिहून कळवले तर काय होईल? केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेकडे दोष कळवण्याची रीतसर वाट आहे. पण सद्भावनेने शोध घेणाऱ्याला कलम ४३ मधून सूट देणारी तरतूद कायद्यात नाही. वकिलाचा सल्ला विचाराल तर तो गप्प बसा असेच सांगेल आणि वकील म्हणून त्याचे बरोबरच आहे.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी चढत्या पायऱ्यांची सुरक्षा-चौकट घालून दिली. देशातील अशा बँकांचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घुसखोरी झाल्यास सहा तासांत कळवायचे असते. पण कळवण्यासाठी आधी कळले पाहिजे! नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे संगणक बंद पडले तेव्हा देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयात दोन आठवड्यांच्या आसपास कामकाज कागदावर चालले. वार्षिक सभेत लाभांशावर तासभर भांडणाऱ्या सभासदांनी, आपल्या बँकेची दारे शेवटची कधी वाजवून पाहिली, कोणी पाहिली आणि त्या अहवालातील किती कलमे अजून तशीच आहेत, एवढे तीन प्रश्न विचारून पाहावेत. उत्तर कोण देते आणि कोणाकडे पाहून देते, यावरूनही बरेच समजेल.

आमच्या कॅमेऱ्याचे म्हणाल तर त्याचे ते २३ क्रमांकाचे दार बंद करण्याची सोय उत्पादकाने ठेवलेलीच नव्हती. भाच्याने परवलीचा शब्द बदलला आणि पाहुण्यांसाठी असते तसे एक वेगळे जाळे राउटरवर काढून कॅमेऱ्याला तिकडे बसवले. महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा झाला की मी एनमॅप चालवतो. गेल्या खेपेस बारावे उपकरण दिसले तेव्हा छातीत धस्स झाले. शेजारच्या मुलाचा फोन निघाला. माझ्या मुलीने त्याला परवलीचा शब्द सांगितला होता.